पडण्याआधीचे तास

रुग्णालयात दाखल झालेला माणूस पडला, की चौकशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या वेळी सिस्टर कुठे होती? नातेवाईक तो विचारतात, मेट्रन विचारतात, व्यवस्थापन विचारते, आणि प्रकरण पुढे गेले तर वकीलही तिथूनच सुरुवात करतात. प्रश्न स्वाभाविक आहे. मी तो वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आधी वॉर्डात काम करताना आणि नंतर अशा प्रकरणांतील केसपेपर वाचून परिचारिकांच्या कामाबद्दल मत देण्याची वेळ येऊ लागल्यावर. मात्र जसजशी कागदपत्रे वाचत गेले, तसतसे माझे मत पक्के होत गेले, की हा प्रश्न चुकीच्या वेळेबद्दल विचारला जातो. माणूस पडायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि तेवढ्या वेळात शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याला सावरणे क्वचितच जमते. जबाबदारी शोधायची तर ती त्याआधीच्या सहा, बारा, चोवीस तासांत शोधावी लागते, आणि पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत.

वॉर्डात पडणारे रुग्ण कसे पडतात, हे ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला नव्याने सांगावे लागत नाही. त्यांतले बरेच जण पलंगावरून घसरत नाहीत. ते उठतात, बहुधा लघवीसाठी, आणि बहुधा एकटे. संध्याकाळी उशिरा दिलेले लघवीचे औषध त्यांना रात्री उठवत राहते आणि झोपेच्या गोळीचा अंमल त्याच वेळी पुरता चढलेला असतो. उभे राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याची दखल घ्यायला सांगते. पण ज्याचा दाब दिवसभर झोपवूनच मोजला गेला, त्याचा तो उतार कोणाच्याच लक्षात आलेला नसतो. काही दिवस अंथरुणात काढले तरी म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांतली ताकद ओसरते, आणि घरी आपण चालत होतो ही आठवण मात्र ताजी असते. हाताला सलाईन, ओढायला स्टँड, चष्मा लॉकरच्या खणात, पायात गुळगुळीत तळव्यांचे मोजे. त्यात एक मनाची बाजूही असते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आयुष्यभर स्वतःचे स्वतः उरकलेल्या माणसाला बेडपॅन मागण्याची लाज वाटते. तो बेल दाबतो, थोडी वाट पाहतो, सिस्टर कामात असेल असे स्वतःलाच समजावतो आणि पाय खाली टाकतो.

यांतले काहीही अनपेक्षित नाही. परिचारिका-संशोधक जेनिस मोर्स यांनी 1980 च्या दशकात कॅनडात रुग्णांच्या पडण्याचा अभ्यास करून त्याचे तीन प्रकार पाडले. फरशी ओली असणे, ठेच लागणे अशा बाहेरच्या कारणांनी घडलेल्या घटना त्यांना सुमारे 14 टक्के आढळल्या. अचानक आलेली फिट किंवा हृदयाच्या ठोक्यातला आकस्मिक बिघाड, म्हणजे ज्यांचा अंदाज कोणालाच आला नसता अशा घटना सुमारे 8 टक्के निघाल्या. उरलेल्या 78 टक्के घटना रुग्णाच्या ज्ञात अवस्थेतून आलेल्या होत्या: अशक्त चाल, गोंधळलेले भान, आधी पडल्याचा इतिहास. एकाच अभ्यासातले हे आकडे प्रत्येक वॉर्डाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांनी केलेली विभागणी कायद्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण निष्काळजीपणाच्या प्रत्येक खटल्यात हे होणार असे आधी दिसत होते का, हाच प्रश्न मुळाशी असतो.

मोर्स यांच्या नावाने ओळखले जाणारे मोजमाप जगभरातल्या असंख्य रुग्णालयांत आज वापरले जाते. त्यात सहा बाबी असतात. याआधी पडल्याचा इतिहास असल्यास 25 गुण, एकाहून अधिक निदाने असल्यास 15, शिरेत सलाईन किंवा तत्सम नळी असल्यास 20. चालण्यासाठी काठी, कुबडी किंवा वॉकर लागत असल्यास 15, आणि फर्निचर धरून चालत असल्यास 30. चाल अशक्त असल्यास 10, अगदीच बिघडलेली असल्यास 20. आपल्याला काय झेपते याचे भान रुग्णाला नसल्यास 15. बेरीज अनेक ठिकाणी 45 च्या वर गेली, की रुग्ण जास्त जोखमीचा धरतात.

मी वाचलेल्या कागदांत एक नमुना पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून तो इथे जरा जवळून दाखवते. पोटाची शस्त्रक्रिया झालेला, मधुमेहही असलेला एक वयस्क रुग्ण. दाखल होताना दोन निदानांचे 15, सलाईनचे 20, अशक्त चालीचे 10, एकूण 45. दुसऱ्या दिवशी 45, तिसऱ्या दिवशी 45, प्रत्येक पाळीत तेच, नीटनेटक्या अक्षरात, खाली सही. त्याच फाइलमध्ये दोन पाने पुढे दुसऱ्या रात्रीच्या नर्सिंग नोट्स आहेत: ‘रुग्ण रात्री गोंधळलेला, घरी जायचे म्हणतो, सलाईन ओढण्याचा प्रयत्न.’ आणखी एक ओळ: ‘लॉकर धरून बाथरूमकडे जाताना आढळला, परत झोपवले.’ या दोन ओळी गुणांत उतरवल्या असत्या, तर भानाचे 15 आणि फर्निचर धरून चालण्याचे 30 मिळून बेरीज 90 झाली असती. ज्या हाताने त्या ओळी लिहिल्या त्याच हाताने 45 ही लिहिले. रुग्ण बदलला होता आणि तो बदलल्याचे वॉर्डाला कळलेही होते. फक्त ते कळणे पलंगापर्यंत पोहोचले नाही. पलंग खाली केला गेला नाही, त्याला बाथरूमजवळच्या किंवा नर्सिंग स्टेशनसमोरच्या खाटेवर हलवले नाही, दर दोन तासांनी लघवीला नेण्याचे ठरले नाही, झोपेची गोळी चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारले गेले नाही, आणि सकाळच्या हँडओव्हरमध्ये ‘रात्र ठीक’ एवढेच सांगितले गेले.

अशी फाइल वाचताना तो रुग्ण तिसऱ्या रात्री पडला तेव्हा सिस्टर दुसऱ्या खोलीत इंजेक्शन देत होती, हा मुद्दा मला गौण वाटतो. तिने दुसऱ्या खोलीत असणे योग्यच होते. चूक आदल्या रात्रीपासून घडत आली होती, आणि त्या चुकीवर एकापेक्षा जास्त माणसांच्या सह्या आहेत.

गुणांच्या तक्त्यावर विसंबण्यातली मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत दाखल रुग्णांच्या पडण्याचे भाकीत अशा गुणतक्त्यांनी करू नये, असे स्पष्ट म्हटले होते. 65 वर्षांवरील प्रत्येक दाखल रुग्णाला जोखीम आहेच असे धरावे आणि त्याची नेमकी कारणे शोधून ती एकेक दूर करावीत, असा तिचा रोख होता. मला हे मनापासून पटते. गुण किती झाले यापेक्षा ते कशाचे झाले हे पाहिले, तरच काही करता येते. सलाईनचे 20 असतील तर ती अजून हवी आहे का, हे विचारता येते. चालीचे 20 असतील तर फिजिओथेरपिस्टला बोलावता येते. नुसत्या बेरजेतून खाटेला अडकवायची पिवळी पाटी तेवढी मिळते.

आता कायद्याकडे वळते. नातेवाइकांचा एक समज असतो, आणि त्यांच्या दुःखात तो समजण्यासारखा आहे, की रुग्ण रुग्णालयात पडला एवढ्यावरूनच रुग्णालयाचा दोष सिद्ध होतो. वस्तुस्थिती स्वतःच बोलते असे मानणारे एक तत्त्व कायद्यात आहे आणि त्याचा उगम 1863 च्या एका इंग्लिश खटल्यात सापडतो: लिव्हरपूलमध्ये गोदामाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचे पिंप रस्त्याने जाणाऱ्या माणसावर पडले, आणि पिंप कोणाच्या तरी हलगर्जीपणाशिवाय असे पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु पिंप स्वतःहून उठून चालू लागत नाही. माणूस उठतो, त्याने उठावे हाच उपचाराचा हेतू असतो, आणि उत्तम काळजी घेतली जात असतानाही तो पडू शकतो. म्हणून न्यायालये केवळ पडण्यावरून सहसा निष्कर्ष काढत नाहीत. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले गेले, त्या मोडण्यामुळेच रुग्ण पडला आणि त्यातून इजा झाली, ही सगळी साखळी दाखवावी लागते. यातला तिसरा दुवा नेहमी अवघड जातो. तक्ता भरलेला नव्हता हे सिद्ध झाले, तरी तो भरला असता तर रुग्ण पडला नसता, हे वेगळे सिद्ध करावे लागते. पूर्ण शुद्धीत असलेला, सगळे समजावून सांगितलेला रुग्ण मदत नाकारून एकटा गेला असेल, तर साखळी तिथेच तुटू शकते. मात्र समजावून सांगितले होते आणि त्याने नाकारले होते, हे नोंदीत असावे लागते.

कर्तव्य मोडले का हे कशावर जोखायचे, याबद्दल 1957 चा बोलम खटला सगळीकडे सांगितला जातो. त्या क्षेत्रातील जबाबदार, जाणकार मंडळींना योग्य वाटणारी पद्धत अनुसरली असेल तर निष्काळजीपणा ठरत नाही, ही त्यातली कसोटी वैद्यकीय कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. मूळ प्रसंग मात्र फारसा कोणी आठवत नाही. बोलम हे मानसिक आजाराचे रुग्ण होते. त्यांना स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके दिले गेले आणि त्यात त्यांच्या खुब्याच्या सांध्यांची हाडे मोडली. उपचाराच्या वेळी ते कोचावरून खाली पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पुरुष परिचारक उभे होते. ते पडले नाहीत, तरी हाडे मोडलीच, आणि प्रचलित पद्धत पाळली गेली होती म्हणून ज्यूरीने रुग्णालयाला दोषी धरले नाही. पुढे 1997 च्या बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने या कसोटीला लगाम घातला: तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीवर टिकले पाहिजे, केवळ ‘आम्ही सगळे असेच करतो’ हे पुरेसे नाही. आमच्या क्षेत्राला ही दुरुस्ती फार लागू पडते, कारण ‘सगळीकडे रात्री असेच चालते’ हे वाक्य बचाव म्हणून मी पुष्कळदा वाचले आहे.

तज्ज्ञाची गरज प्रत्येक प्रकरणात असतेच असेही नाही. एखाद्या रुग्णावर किती वेळाने नजर टाकायला हवी होती, हा व्यावसायिक निर्णयाचा प्रश्न आहे आणि त्यावर परिचारिकेनेच मत द्यावे. रुग्णाने बेल दाबली, बराच वेळ कोणी आले नाही, किंवा बेलच्या बटणाची वायर पलंगामागे लोंबकळत होती आणि त्याचा हात तिथे पोहोचत नव्हता, हे समजायला मात्र कोणत्याही तज्ज्ञाची आवश्यकता नाही. दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारची प्रकरणे कमी नसतात.

या सगळ्यात मला सर्वाधिक खुपते ते दोष खाली सरकवण्याचे. घटना घडली, की त्या पाळीतल्या सिस्टरकडून खुलासा मागवला जातो, तिची बदली किंवा निलंबन होते आणि प्रकरण निकाली निघाल्यासारखे वाटते. कायदा याहून बराच पुढे गेलेला आहे. इंग्लंडमध्ये 1951 च्या कॅसिडी खटल्यात अपील न्यायालयाने रुग्णालयाला आपल्या डॉक्टर आणि परिचारिकांच्या चुकीची जबाबदारी झटकता येणार नाही असे ठरवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सविता गर्ग प्रकरणात, उपचार करणाऱ्या डॉक्टरला पक्षकार केले नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, आणि तक्रारदाराने प्राथमिक पुरावा दिल्यावर हलगर्जीपणा झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, असे म्हटले. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1965 चा डार्लिंग निकाल तर मी प्रत्येक परिचारिकेने वाचावा असा आग्रह धरते. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या 18 वर्षांच्या तरुणाला घातलेले प्लास्टर आवळत गेले, बोटे काळवंडली, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. न्यायालयाने रुग्णालयाची स्वतःची, थेट जबाबदारी मान्य केली: पुरेशा प्रशिक्षित परिचारिका नेमणे आणि त्यांनी पायातला रक्तप्रवाह वारंवार तपासणे हे रुग्णालयाचे काम होते. त्याच निकालातून परिचारिकेवरही एक भार येतो, आणि तो मी हलका करू इच्छित नाही: डॉक्टर लक्ष देत नसेल, तर तिने ते वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत नेले पाहिजे.

आता एखाद्या रात्रपाळीची कल्पना करा, जिथे एका सिस्टरकडे तीस रुग्ण आहेत, त्यांतले सात-आठ जण एकट्याने उठू नयेत असे आहेत, आया एकच आहे आणि ती दोन वॉर्डांत मिळून आहे. रुग्णालयाचा छापील नियम सांगतो, की जास्त जोखमीच्या रुग्णाकडे दर तासाला फेरी मारावी. दर तासाला आठ जणांना विचारणे, दोघा-तिघांना बाथरूमपर्यंत नेऊन आणणे, इंजेक्शने, सलाईन, नवा दाखल झालेला रुग्ण आणि या सगळ्याच्या नोंदी, हे तिच्या एका तासात मावत नाही. तरीही तक्त्यावर दर तासाच्या सह्या असतात आणि कित्येकदा त्या सगळ्या एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या दिसतात. हे खोटेपण तिचे एकटीचे आहे असे मी मानत नाही. पाळता येणार नाही असा नियम लिहून त्याखाली सही मागणारी संस्था ते तिच्याकडून करवून घेते. खटल्यात तोच नियम रुग्णालयाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. तो अखेरचा मापदंड ठरत नसला, तरी ‘तुम्हीच ठरवलेले तुम्ही पाळले नाही’ या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. कॅलिफोर्नियाने 2004 पासून परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाण कायद्याने बांधून दिले आणि पुढच्या वर्षी सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त 5 रुग्ण अशी मर्यादा आणली. किती माणसांत किती काळजी मावते हा संस्थेचा आणि शासनाचा निर्णय आहे, आणि पडण्याच्या प्रत्येक चौकशीत त्या रात्रीचा ड्युटी रोस्टर पहिल्या पानावर असावा असे मला वाटते.

जबाबदारीच्या भीतीचा एक वाईट परिणामही होतो, आणि तो वॉर्डात उघड दिसतो. रुग्ण पडू नये याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला उठूच न देणे. दोन्ही बाजूंचे रेलिंग वर, मनगटे बांधलेली, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातलेली, आणि गुंगीचे औषध. यातले प्रत्येक साधन स्वतःची इजा घेऊन येते. गोंधळलेला रुग्ण रेलिंगवरून चढतो आणि अधिक उंचीवरून पडतो. रेलिंगच्या फटीत अडकून झालेल्या मृत्यूंबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1995 सालीच इशारा दिला होता. गरज नसलेल्या कॅथेटरमुळे जंतुसंसर्ग होतो, बांधलेल्या माणसाचा गोंधळ वाढतो, आणि हालचाल थांबलेली माणसे आणखी अशक्त होऊन घरी गेल्यावर पडतात. पलंगावरून उठताच वाजणारे अलार्म हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय; पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत अलार्मचा वापर वाढवूनही पडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. अलार्म वाजतो तेव्हा माणूस उठलेला असतो आणि धावून येणारी व्यक्ती हवीच असते. 2008 च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या मेडिकेअर या, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने रुग्णालयात पडून झालेल्या इजांच्या उपचाराचे जादा पैसे देणे थांबवले, तेव्हाही यामुळे रुग्णांना जखडून ठेवण्याकडे कल वाढेल, अशी काळजी तज्ज्ञांनी व्यक्त केली होती. कागदावर शून्य पडझड दाखवणारा वॉर्ड मला आपोआप चांगला वाटत नाही. तिथली माणसे चालतात का, हे मी आधी पाहते.

पडल्यानंतरच्या वेळेबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण पुष्कळ प्रकरणांत जे टळले असते ते पडणे नव्हे, तर त्यानंतरचे नुकसान. घाईघाईने दोघांनी काखेत हात घालून उचलून पलंगावर टाकले, आणि खुब्याचे मोडलेले हाड सरकले. रुग्णाला आधी जमिनीवरच तपासायचे असते: मान, पाठ, खुबा, पायाची लांबी आणि तो बाहेर वळला आहे का. डोके आपटले असेल, आणि विशेषतः पडताना कोणी पाहिलेच नसेल, तर आपटले असे धरूनच चालायचे असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेला रुग्ण पडल्यावर तासभर व्यवस्थित बोलतो आणि आत रक्त साचत राहते. भान पूर्ण असले तरी पहिले 2 तास दर अर्ध्या तासाने, पुढचे 4 तास दर तासाने आणि त्यानंतर दर 2 तासांनी शुद्ध, बाहुल्या आणि हातापायांची ताकद पाहण्याचा जो क्रम मान्य आहे, तो याच कारणासाठी. ‘डॉक्टरांना फोनवर कळवले, निरीक्षण करा म्हणाले’ अशी नोंद मी वाचते तेव्हा त्यापुढची निरीक्षणे शोधते, आणि ती सकाळी सहापर्यंत नसतात.

नातेवाइकांना काय सांगायचे, यावर रुग्णालये वकिलाचा सल्ला घेतात आणि गप्प राहतात. मी ज्या कुटुंबांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांना पैशांआधी एक हकीकत हवी होती: किती वाजता, कसे, कोणाला सापडले, किती वेळ ते जमिनीवर होते. ती त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टर यांनी समोर बसून सांगितली असती, तर काही जण वकिलाकडे गेले नसते असे त्यांनीच मला सांगितले.

आणि एकदा पडलेला रुग्ण पुन्हा पडला, तर मी फाइल वेगळ्या नजरेने वाचते. पहिल्या वेळी अंदाज आला नव्हता असे म्हणायला जागा असू शकते. दुसऱ्या वेळी ती नसते, कारण आता जोखीम वर्तवण्यासाठी कोणत्याही तक्त्याची गरज उरलेली नाही. ती इन्सिडेंट रिपोर्टमध्ये तारीख-वेळेसह लिहिलेली आहे. मग मी दोन पडण्यांच्या मधली पाने काढते आणि पाहते, की औषधांची यादी बदलली का, उभे करून रक्तदाब मोजला गेला का, खाट हलवली का, रात्रीच्या लघवीची वेळ कोणी ठरवली का, पुढच्या पाळीला तोंडी सांगितले गेले का, आणि माणूस कमी आहे असे वॉर्डातून वर कोणी लेखी कळवले का. कळवलेले पत्र सापडले आणि त्यावर व्यवस्थापनाचे उत्तर नसले, तर माझ्या मताचा पहिला परिच्छेद त्या पत्रापासून सुरू होतो.